रविवारचा फोन

बेडोक, सिंगापूर
१४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,

संजीवनीचा नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. तुझे जावई हल्ली आंग मो किओ भागातल्या ऑफिसातून उशिरा येतात, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? माझ्याबरोबर काम करणारा रुचिर उद्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

शनिवारी शेजारच्या मिसेस लिम मला आणि क्षिप्राला सिनेमाला घेऊन गेल्या. इथल्याच एका चिनी कुटुंबाची गोष्ट होती. चीनमधून आलेल्या आजीला फक्त तिओच्यू ही तिची बोली येते, नातीला फक्त इंग्रजी. मधे आई. ती एकीचं दुसरीला सांगते, पण दुखेल ते गाळते. आजी वारल्यावर नातीला हे कळतं.

मिसेस लिम रडत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरात तिओच्यू माझ्यापाशीच संपली. मुलगा थोडी समजतो, नातवंडं नुसती हसतात."

परतताना बसमध्ये क्षिप्राने इंग्रजीत विचारलं, "आजी जे बोलते ते तू मला खरं सांगतेस का?"

आई, मी खरं सांगत नव्हते. गेल्या महिन्यात तू विचारलंस, "पोर माझ्याशी बोलत का नाही? रागावली आहे का?" मी तिला सांगितलं, आजी विचारतेय जेवलीस का. ती इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "आय डोन्ट नो व्हॉट टु से टु हर, लाह," म्हणजे तिच्याशी काय बोलावं तेच कळत नाही. मी तुला सांगितलं, तिला तुझी फार आठवण येते. तू किती खूश झालीस.

क्षिप्राला अभ्यास आहे, ती क्लासला गेलीय, हेही खोटंच. ती शेजारी बसलेली असायची. बालवाडीत मागे पडेल या भीतीने घरात इंग्रजी मीच सुरू केलं. नंतर पुन्हा मराठी बोलायचं राहूनच गेलं.

बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. ती मराठीत हळूच म्हणाली, "आजी वाटते, मी राग?"

येत्या रविवारी फोन तीच करणार आहे. मी खोलीत थांबायचं नाही, असं तिने बजावलंय. "आजी, मी रागावले नाही," एवढं पाठ झालंय. पुढचं काय सुचेल ते. चुकेल, अडेल. तू घाई करू नकोस.

आणि माझ्यावर रागावली असशील, तर तेही तिलाच सांग. ती मला जसंच्या तसं सांगेल.

इतकी वर्षं तुम्हा दोघींच्या मधे बसलेली,
तुझी संजू