केदारेंनी नाकारलेला गोल

१० जाने. १९७९, बुधवार
शाळेतून येताना क्लबच्या कट्ट्यावर आज पुन्हा तेच. हॉकीच्या मैदानाला यशवंत केदारेंचं नाव द्यायचं कमिटीनं काढलंय, तेव्हापासून दुसरा विषय नाही. सायकलवाले शिंपी म्हणाले, "असा सेंटर फॉरवर्ड नाशकात पुन्हा झाला नाही." लगेच पोस्टातले भालेराव तडकले, "फायनल घालवली त्यानं! अंपायर गोल देतोय आणि हा जाऊन सांगतो, चेंडू माझ्या पायाला लागला!"
अकरा वर्षं झाली त्या मॅचला. गोल रद्द, मग जादा वेळेत समोरच्यांनी मारला, कप गेला.
मला बघून दोघांनी विषय बदलला. दादा त्या टीमचा गोलकीपर.

१३ जाने., शनि.
मोठ्या बाईंनी मुलींच्या हॉकीला परवानगी दिली!! सोळा मुली, स्टिका नऊ. पण शिकवणार कोण? मी पी.टी.ची बाई, माझा खेळ खो-खो. मोठ्या बाई म्हणाल्या, "केदारेंनाच विचारा ना."
दादाला काय सांगू?

१४ जाने., रवि.
गेलेच. केदारे पंचवटीच्या बाजारात झेंडू विकतात, मखमलाबादेत मळा आहे. केस पांढरे, मनगटं अजून तशीच.
"पोरींना हाकी? स्टिक धरता येती का?"
"एकीलाही नाही."
"मग बरंय. चुकीचं शिकलेलं मोडायला लय वेळ जातो."
उद्यापासून येतो म्हणाले. मी कुणाची बहीण ते सांगितलं. हातातल्या हाराला गाठ मारली. "येतो," पुन्हा म्हणाले.

२२ जाने., सोम.
सकाळी साडेसहा. थंडी मरणाची, सोळाच्या सोळा हजर. केदारे ओरडतात, "मान वर! चेंडू काठीला कळू द्या, डोळं समोर!" आज शकूनं तिघींना चकवून चेंडू गोलसमोरच्या डीपर्यंत नेला. नेल्यावर काय करायचं ते न सुचून उभीच राहिली. हसून हसून पोटात दुखलं. केदारेही हसले.
गोलमधल्या रझियाला मात्र चेंडूची भीती वाटते. डोळेच मिटते.

२८ जाने., रवि.
दादाला कळलं. "त्या माणसाला तू शाळेत आणलंस, सुशी?" कप मिळता तर टीममधल्या चौघांना इथल्या कारखान्यात कायम करणार होते, दादा त्यातला. मग सहा वर्षं सिन्नरला बसचे धक्के, हंगामी काम. वहिनी विहारातून आल्या, त्यांनी पोह्यांचं विचारून विषय मोडला.
दादा कमिटीवर आहे. नावाच्या विरोधात मत देणार, तोंडावर सांगितलं. निघताना हळूच म्हणाला, "शेवटचा गोल माझ्यावर झाला. त्याला निदान लोक प्रामाणिक तरी म्हणतात."
हे त्यानं मला आजवर कधी...

२ फेब्रु., शुक्र.
मुली गेल्यावर धीर करून विचारलं, "कधी पस्तावलात का?"
"अंपायरला सांगितलं त्याचं नाय वाटत. पण सरळ पळत गेलो. मागं वळून पोरांकडं बघितलं नाय. कप सगळ्यांचा होता ना, बाई. आधी त्यांना सांगायचं होतं."
"ते नको म्हणाले असते तर?"
"तरी सांगितलंच असतं. पण त्यांच्यादेखत. तुमच्या दादाशी तर नजरच मिळवली नाय त्यानंतर. मलाच जमलं नाय."

४ फेब्रु., रवि.
केदारेंचं बोलणं दादाला शब्दाला शब्द सांगितलं.
"मग अकरा वर्षांत येऊन का नाही बोलला?"
"तू दार उघडलं असतंस?"
दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग एकदम, "गोलमध्ये कोण असतं तुमच्या?"
रझियाचं सांगितलं.
"भीती वाटणारच. कुणी उभं राहायला शिकवलंय का? केदारेला गोलकीपिंगमधलं काय कळतं!"
मी हसू दाबलं.

११ फेब्रु., रवि.
दादा आला. मैदानावर! अर्धा तास दोघं एकमेकांकडे न बघता. दादा रझियाला वाकायला शिकवत होता, केदारे त्या टोकाला शकूबरोबर. मग केदारेंनी गोलवर मारून दाखवलं. दादा तिकडूनच ओरडला, "उजवा पाय अजून तसाच टाकतोस!"
मुली थबकल्या.
"आणि तू अजून पुढं यायला उशीर करतो!"
"मी? मी उशीर करतो?"
जुंपली. कोन, पाय, कुठली कुठली मॅच. मुली मधे बसून ऐकत होत्या. त्या गोलचं मात्र अवाक्षर नाही.
रझियानं आज दोन अडवले, डोळे उघडे ठेवून.
येताना दादाला विचारलं, मताचं काय? "बघू," म्हणाला. चिडून नाही.
गुरुवारी मीटिंग. शिंपी, भालेराव दोघंही आपापली माणसं घेऊन येणार. काय होईल सांगता येत नाही. मंगळवारी मात्र पुन्हा साडेसहा. दादाला आणि केदारेंना वेगवेगळं गाठून सांगितलंय, वेळ एकच.