सोनपाखरू आणि माझी ज्वारी

२ ऑगस्ट १९६६, सोनाळा
सांगणारी मी, लिहिणारी धाकटी सून प्रतिमा. माझं बोलणं ती शाळेच्या मराठीत घालते. घालू दे. वाचणार कोण? मला तर अक्षर येत नाही.
थोरला लेक नीळकंठ शहरात कॉलेजात प्रोफेसर. तिथल्या म्युझियमसाठी किडे जमवतो. एवढा शिकून! पण किडा देणाऱ्याचं नाव खाली चिठ्ठीवर लावतात म्हणे. ठरलं. त्या कपाटात माझं नाव लागणार. शेजारच्या केसरबाईला सांगूनही टाकलं.

५ ऑगस्ट
बाभळीवर सोनपाखरू सापडलं. नवरीच्या चोळीसारखं हिरवं, झगझगीत. नीळकंठनं स्पिरिटची बाटली देऊन ठेवली होती. दारूचा वास येतो. माझ्या घरात चालायचं नाही. फेकली. पाखरू डबीत आपोआप मेलं, मी काही केलं नाही.

९ ऑगस्ट
पाय फार नाजूक. पत्र्याच्या डब्यात ज्वारी दाबून भरली, मधोमध पाखरू. लेकीला बांगड्या अशाच पाठवते, एक फुटत नाही.
प्रतिमा म्हणाली, "आत्याबाई, ज्वारी आधी चाळून घेऊ का?"
काऊन? कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली माझी ज्वारी! तीत आजवर मला एक सोंडा किडा दिसलेला नाही. हल्ली नजर अधू आहे, ते निराळं.
डबा एस.टी.नं गेला.

२० ऑगस्ट
नीळकंठचा निरोप. नाव लागलं! आईनं रागावू नये, असंही म्हणाला. रागावू कशाला? केसरबाईला घेऊन जाते. तिकीट माझ्याकडून. बघू दे तिला.

२८ ऑगस्ट
गेलो, वाचायला प्रतिमा सोबत. काचेचं कपाट. सोनपाखरू कुठं दिसेना. त्याचं मुंडकं तुटून आलं, नीळकंठ म्हणाला. मग माझं नाव? त्यानं खालच्या कप्प्याकडे बोट केलं. बारीक काळे ठिपके, नीट ओळीत चिकटवलेले.
केसरबाईलाही अक्षर येत नाही. तिनं प्रतिमेला वाचायला लावलं, तेही मोठ्यानं.
"सोंडे. साठवणीच्या ज्वारीत जिवंत सापडले. देणार, अन्नपूर्णाबाई, सोनाळा."
"तुयं नाव तं लागलं वं माय!" केसरबाई म्हणाली. "माह्या जवारीले तं कोणी विचारत नाही."
सोंडे एस.टी.तच शिरले असणार. संग्रामपूरला गाडी फार वेळ उभी असते.

३० ऑगस्ट
कडक ऊन पडलं. ऊन वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळी ज्वारी अंगणात पसरली. सहज. केसरबाई स्वतःचं सूप घेऊन आली. कोणी बोलावलं नव्हतं. सूप तिनं भरलं, पाखडलं, आणि भुईवर जे पडलं ते चालायला लागलं.
प्रतिमा, हे लिहू नको.