उभ्याचं दुकान

लातूर

प्रिय रामलिंगा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कमलम्मावहिनींना हाक मारशील. म्हणशील, बघ, उमाला काय झालं, पत्र लिहून राहिला. काही झालेलं नाही. तब्येत ठीक आहे, दुकान ठीक आहे. शिवम आता गल्ल्यावर बसतो आणि बापापेक्षा कमी बोलतो, त्यामुळे गिऱ्हाईक त्याला बापापेक्षा शहाणा समजतं. गेल्या गुरुवारी मी तुला फोनवर म्हणालो, नांदेडला जा, तुझी लेक शिल्पा सांगते तसं पायाचं करून घे, आणि तू हसलास. मी तीनदा म्हणालो, तू तीनदा हसलास आणि तुरीच्या शेंगांवर बोलायला लागलास. फोनवर तुला विषय फिरवता येतो, कागदावर येणार नाही, म्हणून लिहितोय. एवढंच कर, मध्येच घडी घालून ठेवू नकोस. पाय उशीवर घे आणि शेवटापर्यंत वाच.

गंजगोलाईतली आपली पहिली नोकरी तुला आठवत असेल. तू सतरा वर्षांचा, मी साडेसतरा. दोघंही चाकूरहून एकाच एसटीनं आलो आणि एकाच दुकानात लागलो. पांढरी गादी, मालक तक्क्याला टेकून, आपण दोघं मांडी घालून, आणि गिऱ्हाईकही समोर मांडी घालूनच. बसल्या बसल्या तू साडी अशी उलगडायचास की बायका साडीकडे बघायच्या विसरून तुझ्या हाताकडे बघायच्या. मला ते कधी जमलं नाही. माझी कमाई कानांची. दोन जावा पदराआड काय कुजबुजतात ते मला चार हातांवरून ऐकू यायचं. 'वैनी, ती हिरवीच घेऊ, पण लई आवडल्यावाणी दाखवू नगा.' मी तुला डोळ्यानं खूण करायचो, तू हिरवी साडी घडी घालून मागं सारायचास आणि दहा मिनिटांत तीच हिरवी मागितली जायची. हात तुझे, कान माझे. असं चौदा वर्षं आपण दुसऱ्याचं दुकान चालवलं.

मी माझं दुकान काढलं तेव्हा तू विचारलंही नाहीस की मला घेतोस का. सरळ पिशवी घेऊन आलास. पहिल्याच दिवशी मी गादी काढून टाकली. हैदराबादला बघून आलो होतो. काचेचे काउंटर, वर दिव्यांच्या ओळी, गिऱ्हाइकाला खुर्ची आणि विकणारा उभा. गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही हा नियम माझा. काउंटरमागं स्टूलसुद्धा ठेवलं नाही, कारण स्टूल असलं की माणूस टेकतो. आजूबाजूचे दुकानदार चेष्टेनं 'उभ्याचं दुकान' म्हणायला लागले आणि मला ते नाव आवडलं. माणसं उभी दिसली की दुकान चालतंय असं वाटतं. मी स्वतः गल्ल्यावर बसायचो, तो नियमात येत नव्हता. लग्नसराईत बस्ता असला की दोन्हीकडची तीस-चाळीस माणसं यायची. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या शेवटच्या साडीपर्यंत सहा-सात तास तू उभा. चहासुद्धा उभ्यानं. लोक तारीख ठरवताना आधी विचारायचे, रामलिंगमामा आहेत ना त्या दिवशी? मग येतो.

पोटरीवर निळ्या गाठी आल्या तेव्हा तूच त्याचा विनोद केलास. म्हणालास, उमा, बघ, विष्णुपुरीचे कालवे निघाले. माझ्याही डाव्या पायाला तसलेच कालवे होते. आपण दोघांनी पँट वर करून कुणाचे मोठे ते बघितलं होतं. तुझे मोठे निघाले आणि तू खूश झालास.

आता नीट वाच. दोन हजार पंधराच्या वैशाखात नांदेडच्या एका डॉक्टरांच्या मुलीचा बस्ता आपल्याकडे होता. उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे गृहस्थ. बायका साड्या बघत होत्या, त्यांना काही काम नव्हतं. तू शिडीवर चढून वरच्या फळीवरचे शालू काढत होतास, पँट वर सरकली होती आणि ते खुर्चीतून तुझ्या घोट्याकडे बघत होते. मग ते उठून गल्ल्याशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, त्या माणसाला वर्षाच्या आत माझ्याकडे पाठवा. घोट्यावरची कातडी काळी पडली आहे, शिरांमधल्या झडपा गेल्या, रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. आत्ता केलं तर दुसऱ्या दिवशी घरी जाईल. न केलं तर तिथं जखम फुटेल आणि वर्षानुवर्षं मिटणार नाही. आणि त्याला इतका वेळ उभं करू नका. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचाही पाय दाखवा बघू.

त्या सराईत माझ्याकडे एकवीस बस्ते ठरले होते. त्यातले सतरा तुझ्या नावावर आलेले. मी डॉक्टरांना 'हाव, पाठवतो' म्हणालो आणि तुला काही बोललो नाही.

जूनमध्ये मी सुरतेला माल बघायला गेलो असं तुला माहीत आहे. मी नांदेडला गेलो होतो. स्टँडवर तूच मला सोडायला आलास, पिशवीही तूच धरली होतीस, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिलास. नांदेडला त्यांनी कमरेत सुई दिली, पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे झाले. मांडीतून एक बारीक तार घातली आणि ती शीर आतून भाजून बंद केली. दुखलं म्हणावं असं काही दुखलं नाही. संध्याकाळी मी माझ्या पायानं चालत मोरीत गेलो. दुसऱ्या दिवशी घट्ट मोजे घालून बाहेर पडलो, पाचव्या दिवशी लातूर. तू विचारलंस, सुरतेचा माल कसा आहे. मी म्हणालो, यंदा दम नाही.

दिवाळी झाली की सांगू असं मनात होतं. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, तुळशीचं लग्न झालं की सराई. पुढच्या वर्षी तूच विषय काढलास. म्हणालास, उमा, आपल्या चाकूरचा एक जण म्हणतो लेझरनं होतं म्हणे, दाखवू का? तुला वाटतं मी त्या वेळी विचारात पडलो होतो. मी विचारात पडलो नव्हतो, मी रचत होतो. उदगीरच्या मडिवाळप्पाकाकांची गोष्ट मी तुला तिथंच उभ्या उभ्या सांगितली. शिरेचं ऑपरेशन केलं, सहा महिन्यांत पाय काळा पडला, गुडघ्याखाली कापावा लागला, काकूंनी एका पायाची चप्पल नदीत सोडली. रामलिंगा, काकांचा पाय कापला हे खरं आहे. तो साखरेनं कापला. शिरेचं त्यांना जन्मात काही नव्हतं, ऑपरेशनही कधी झालं नाही. चप्पल नदीत सोडल्याचं मी घातलं. माल विकताना आपण शेवटी पदर उघडून दाखवतो ना, तसं. पदर बघितला आणि तू साडी घेतलीस.

तीन वर्षांनी घोट्यावर रुपयाएवढी जखम फुटली, डॉक्टर म्हणाले होते तिथंच. वहिनींनी हळद लावली, कुणीतरी पाला सांगितला, कुणी पत्रिकेत दोष काढला. तू पायाला पट्टी गुंडाळायचास आणि वरून आपल्याच दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधायचास, रेशमाला डाग लागू नये म्हणून. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी देगलूरकडच्या दोघी जणी आल्या होत्या. एक म्हणाली, 'कशाचा वास येऊन राहिला ग?' दुसरी म्हणाली, 'त्या म्हाताऱ्याचा.' तू त्रेपन्न वर्षांचा होतास. मला वाटलं फक्त मीच ऐकलं. दुसऱ्या दिवशी तू अत्तर लावून आलास तेव्हा कळलं की तूही ऐकलंस. तिसऱ्या दिवशी मी तुला मागच्या गोदामात टाकलं. म्हणालो, आता आराम कर, साड्यांना फॉल लावून घेत जा. तिथंही स्टूल नव्हतं. तू कापडाच्या गठ्ठ्यावर टेकायचास आणि मी आत आलो की उठून उभा राहायचास. बस म्हणायला मला एक शब्द लागला असता.

मग तू काम सोडलंस तेव्हाचा तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, लातूर-उदगीरचे सगळे व्यापारी. माझं भाषण अर्धा तास चाललं आणि तो अर्धा तास तू माझ्या शेजारी उभा होतास. खुर्च्या मागं होत्या, त्या पाहुण्यांच्या. तुझ्या उजव्या बुटातून पाणी झिरपून सतरंजीवर ओला डाग पडत होता, तो मी बघितला. भाषण आवरलं नाही, कारण टाळ्या बऱ्या पडत होत्या. लोक अजून म्हणतात, उमाशेठनं नोकराला भावासारखं वागवलं. मी नाही म्हणत नाही.

तुझी शिल्पा नांदेडला सिस्टर आहे हे मला ठाऊक होतं, पण ती त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली आहे हे नव्हतं. तिनं तुझ्या पायाचा फोटो मोबाइलवर त्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, बाबा कुठं कामाला होते? तिनं दुकानाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, अगं, त्यांच्या शेठना तर मी दहा वर्षांमागंच बोललो होतो. त्यांचा स्वतःचा पाय तर मीच केला.

पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी ती दुकानात आली. शिवमनं खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. गल्ल्याला हात टेकून हळूच म्हणाली, 'उमाकाका, तुमचं करून घेतलंत. बाबांचं का नाही सांगितलं?' मी म्हणालो, विसरलो पोरी. ती म्हणाली, 'हाव का,' आणि रंग जाणार नाही असं सांगितल्यावर गिऱ्हाईक जसं बघतं तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'बाबांना मी काही बोलले न्हाई. बोलले तर पायाच्या आधी ते मनानं जातील. ते एकच म्हणतात, उमा म्हणाला तर जाईन. तुम्ही फक्त जा म्हणा, काका. बाकीचं तुमच्यापाशी ठेवा.' एवढं बोलून ती गेली. रडली नाही. रडली असती तर मला समजूत काढता आली असती, त्यात मी हुशार आहे.

म्हणून गुरुवारचा तो फोन. मला वाटलं, एका शब्दात सुटलो. आणि तू काय म्हणालास ते मी तुलाच परत लिहून पाठवतो. तू म्हणालास, 'उमा, पोरीनं तुला लई तंग केलेलं दिसतं. तू भिडेनं बोलून राहिलास, मला कळतं. मडिवाळप्पाकाकांचं तूच सांगितलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मनातलं तू तेव्हा बोललास. आता राहू दे. आपल्या लिंगायतांत शेवटी माणसाला बसवूनच पुरतात, तेव्हा बसीन निवांत.' आणि हसलास. मी फोन ठेवला आणि मला कळलं की नुसत्या 'जा'नं काम होणार नाही. खोटं मी इतकं पक्कं विकलं होतं की आता परत मागितलं तर गिऱ्हाईक द्यायला तयार नाही. ते परत घ्यायचं तर कुणी, कधी आणि कशासाठी विकलं हे सगळं सांगावं लागतं, ते वर सांगितलं. शिल्पाला माहीत नाही की मी हे लिहितोय, तिनं नको म्हटलं होतं. डॉक्टर म्हणतात जखम हाडाकडे निघाली आहे, हा महिना हातात आहे. काळी कातडी काळीच राहील, दहा वर्षांमागचा पाय मिळणार नाही, पण शीर बंद केली तर जखम मिटेल आणि पाय शाबूत राहील. मंगळवारी सकाळी सात वाजता आपला ड्रायव्हर बजरंग गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. मी गाडीत नसेन, दवाखान्यातही येणार नाही. जोवर तुझा माझ्यावर विश्वास आहे तोवर तू त्या गाडीत बसणार नाहीस. तुझा विश्वास आणि तुझा पाय, दोन्ही राहतील अशी वाट मी पंधरा दिवस शोधली. सापडली नाही. मी पाय निवडला.

इतकी वर्षं तुझाच म्हणवून घेतलेला,
उमाशंकर