नळ्या त्याच्याकडे, दस्ता माझ्याकडे

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकान, काचा घासायच्या यंत्रासह, माझ्याकडच्या कारागीर बाईस द्यावे. गिऱ्हाइकावर खेकसायची सवय तिने माझ्याकडून घेतलीच आहे, आता दुकानही घ्यावे.

२. वरच्या दोन खोल्या वहिनीस, म्हणजे माझ्या दिवंगत भावाच्या पत्नीस द्याव्यात. नवऱ्याच्या हट्टापायी तिने पुष्कळ सोसले. न्हाणीघराची कडी जरा वर उचलून लावावी लागते.

३. वडिलांची दुनळी बंदूक. बाबा गेल्यावर वाटणीत ती मी मागितली, कारण त्यांच्याशेजारी बसून ती पुसायची मी, तेल द्यायची मी. भाऊ म्हणाला, "बाईमाणसाला काय करायचीय बंदूक?" मी हटले नाही. शेवटी नळ्या त्याने नेल्या आणि चापासकट दस्ता माझ्या अंगावर टाकला. तुला ना मला, घाल कुत्र्याला. पुढे चारचौघांत तो बंदूक इंग्रजी असल्याचे सांगत मिरवला आणि नळ्यांना मला कधी हात लावू दिला नाही.

तो वारल्यावर वहिनीने नळ्या टॉवेलात गुंडाळून आणल्या. मी भिंगाखाली धरल्या. खालच्या सपाट भागावर मुकुट, एकमेकींवर आडव्या दोन झावळ्या आणि सेंत-एतिएन हे नाव. हे फ्रान्समधले शहर. तिथे नळ्या तपासून छाप मारत. कसली डोंबलाची इंग्रजी! शेजारी १६ आणि ६५. सोळा नंबरची नळी, काडतुसाचे घर पासष्ट मिलिमीटर. आजचे काडतूस सत्तरचे. ते आत बसते, पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा राहत नाही, दाब वाढतो, आणि इतकी जुनी नळी हातातच फुटू शकते. बंदूकवाल्यानेही मोजून हेच सांगितले. भावाने हे कधी वाचलेच नाही, की वाचून गिळले, देव जाणे. माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

भाच्याला, म्हणजे भावाच्या मुलाला, समोर बसवून सगळे दाखवले. तो म्हणाला, "आत्या, काडतूस बसतंय की आत. बाबा म्हणायचे, इंग्रजी माल आहे, काही होत नाही. आणि तू गेल्यावर दस्ता माझ्याकडेच येणार ना?" एवढे बोलून नळ्या काखोटीला मारून गेला. बाप गेला, हट्ट मागे ठेवून गेला. हे मृत्युपत्र भाच्याच्या त्या एका प्रश्नासाठी लिहिले आहे.

सबब, दस्ता कोणासही देण्यात येत नाही. आज दुपारी बंदूकवाल्याकडे उभी राहून, नळ्या ज्यात अडकतात तो चापाचा सांगाडा लाकडासकट करवतीने कापून घेतला. त्याने दोनदा विचारले, "ताई, नक्की?" मी म्हटले, "चालव." बाबांच्या गालाने गुळगुळीत झालेले लाकूड होते ते. दुकानात परत येऊन मी रडले, आणि गिऱ्हाइकाने कारण विचारले तेव्हा त्याच्यावर खेकसले.

४. बँकेतली शिल्लक भाच्यास द्यावी. त्याने मला हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात. दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून घालाव्यात.

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: ९ मार्च

सही: आत्या

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: बंदूकवाला
साक्षीदार २: शेजारच्या डॉक्टरीणबाई