बादलीचं यमक

आल्मेरे, नेदरलँड्स, १४ मे २००६

तीर्थरूप सतीशमामा,

साष्टांग नमस्कार (इथल्या घरात आडवं व्हायला जागा आहे, त्यामुळे खरोखर घातला). तुमचा गुडघा आणि मामींचा रेडिओ दोन्ही सुरळीत चालत असतील अशी आशा.

शेजारच्या हार्मने परवा मला सायकलींच्या शेडमध्ये गाठलं. "विश्वास, तुला कवितेतलं कळतं ना?" मीच कधीतरी त्याच्यासमोर तुमच्याकडे वृत्तं शिकल्याची फुशारकी मारली होती. (तुम्ही मला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतंत, तेवढं सांगायचं राहिलं.) त्याची बायको इंगर डॅनिश. तिच्या साठीला म्हणून त्याने चोरून डॅनिशमध्ये चार ओळी रचल्या होत्या. डेन्मार्कात वाढदिवसाला अशी कविता सगळे मिळून गातात म्हणे. तिलाच विचारायची सोय नाही, आणि तीस वर्षांच्या संसारानंतरही याचं डॅनिश 'जेवण छान झालंय'च्या पुढे गेलेलं नाही. मी लघु-गुरू मांडले आणि मामा, काय सांगू, ल-गा-ल-गा, ओळीला आठ अक्षरं, चक्क आपली प्रमाणिका. मी आनंदाने हार्मला मिठीच मारली. फक्त चौथी ओळ दोन अक्षरांनी लांब, आणि दुसरीतल्या 'लॅन'शी यमक जुळेना. ('लॅन' म्हणजे देश; लिहिताना शेवटी 'ड' असतो, बोलताना तो गिळतात.) हार्मने कुठूनसा यमककोश पैदा केला. त्यात शब्द असतात, अर्थ नसतात. 'स्पॅन' चपखल बसला: 'तू माझा प्रकाश, तू माझी स्पॅन.' वाचताना हार्मचे डोळे पाणावले.

शनिवारी दुपारी पंचवीस डॅनिश नातेवाइकांनी ती उभं राहून गायली. चौथ्या ओळीला सगळे अडखळले. इंगरने शांतपणे विचारलं, "हार्म, मी तुझी बादली?" हार्म लालबुंद झाला, मग म्हणाला, "अक्षरं बरोबर आहेत. विश्वासने मोजलीत." इंगर मटकन खुर्चीत बसली आणि हसून हसून बेजार झाली. मग तीच ओळ तिने सगळ्यांकडून आणखी पाच वेळा म्हणवून घेतली. शेवटच्या वेळी तिने हार्मचा हात धरला होता.

तुमचा,
विश्वास

ता. क. : मृणालिनीही समारंभाला होती. परतल्यावर दारातच म्हणाली, "दुसऱ्याच्या बायकोसाठी अक्षरं मोजतोस. मला लग्नानंतर एक ओळ लिहिली नाहीस." अठ्ठावीस तारखेला आमच्या लग्नाला दहा वर्षं होतात. चार ओळी पाठवा, वृत्त कोणतंही चालेल.

ता. क. २ : ऑफिसच्या ईमेलवर पाठवा, घरचा ती उघडते. लग्नाआधीच्या कविताही तुमच्याच होत्या हे तिला अजून ठाऊक नाही. याही खेपेला माझ्या अक्षरात उतरवून काढीन.