मोहाखालचं ध्यान

१० मार्च, पहाटे ५.१०
आजपासून ध्यान. रोज वीस मिनिटं, काही झालं तरी. दिवाळीत दिव्यानीवर तिच्या मैत्रिणींसमोर वरडलो, तवापासून पोरगी माझ्याशी बोलत नाई. गडचिरोलीले नर्सिंग शिकते, फोन फक्त आईले करते. पाडव्याले घरी येणार हाय. तवापर्यंत मी एकदम शांत. तसा शांतच हाव, पण धानगिरणीत बोलून बोलून आवाज चढते. दोष मशीनचा.

११ मार्च
घरात जमत नाई. मन लागलं का बायकोचा, नीलिमाचा, कुकर शिट्टी मारते. एवढ्या पहाटे कुकर कोन लावते, असं विचारलं. आवाज थोडा मोठा झाला. म्हणे, डबा तुमचाच हाय.

१४ मार्च
जागा भेटली! नाल्याजवळचं मोहाचं झाड. गार हवा, माणूस नाई. पाच मिनिटं मस्त गेली. मग फुलं टपाटप डोक्यावर. सात सहन केली, आठव्याले झाडाले शिवी दिली. मनातल्या मनात, म्हणून धरत नाई.

१७ मार्च
गावात बोंब. मोहफुलं वेचाच्या दिवसात पहाटे झाडाखाली कोनी बसला म्हणजे झाडावर हक्क सांगते, असं समजतेत लोक. अन् हे झाड रुखमाबाईच्या घरचे सासऱ्यापासून वेचतेत. टोपली घेऊन दारात आली. "गिरनी हाय, टॅक्टर हाय, आता माह्या मोहावरबी डोळा काय, भाऊ?" मी शांतपणे समजावलं. समजावता समजावता अख्खी गल्ली जमा झाली.

२० मार्च
झाड बदलत नाई. तत्त्वाचा प्रश्न हाय. रुखमाबाईनं दोन सुना धाडल्या. माझ्या मांडीभोवती फुलं वेचून राह्यल्या, बांगड्या वाजवत. एक म्हणे, जरा उठा, खाली फुलं दबली. उठलो नाई. वरडलो, पण डोळे न उघडता. प्रगती हाय.

२६ मार्च
नीलिमा म्हणते, ध्यान राहू द्या, पोरगी येईन तवा नुसतं गप्प बसा. ध्यान अन् गप्प बसणं यातला फरक तिले अर्धा तास सांगतला. शेवटी ती उठून गेली.

२९ मार्च
उद्या येते. पहिलं वाक्य पाठ केलं: बेटा, चुकलं माझं. बारा वेळा म्हणून पाहिलं. लय अवघड वाक्य हाय.

३० मार्च, पाडवा, सकाळी ११
आज मोहाखाली मन लागतच होतं, तेवढ्यात पाचोळ्यावर पावलं वाजली. आली सून. डोळे बंद ठेवूनच वरडलो, "व्हय बाजूले! अक्कल हाय का नाई? माणूस शांत बसलेला पाहवत नाई?"

पावलं थांबली, मग गेली. त्यानंतर असं ध्यान लागलं, तासभर उठलो नाई. डोळे उघडले तर समोर चहाचा थर्मास. आपल्या घरचा.

पळत घरी गेलो. दिव्यानी पहिल्या गाडीनं आली होती. बाबाचा चहा मीच नेते, म्हणाली होती. पुढच्या गाडीनं परत गेली. आईले एवढंच म्हणाली, "बाबाशी मीच पहिले बोलणार होती."

डोळे बंद असताना माणसाले कसं समजन, कोन हाय ते? हे नीलिमाले सांगतलं. ती उठून कुकर लावाले गेली.

पाच वेळा फोन लावला. उचलत नाई. उचलला असता तर ऐकलं असतं तिनं, किती हळू बोलाले लागलो मी.