टोग्वोटीचा चढ

२ मे
आज पुन्हा नाही चढली! मागे ट्रेलर, आत दोन्ही घोड्या, आणि टोग्वोटीच्या घाटात पिकअपला नुसती धाप. गियर आपोआप वर-खाली, वर-खाली — एकात टिकेल तर शपथ! मागच्या लाकूडवाल्या ट्रकने भोंगा वाजवून लाज काढली. अर्ध्यातून परत.

नवरा, वेंडेल, म्हणतो, "इंजिन म्हातारं झालं, लोरीन. आपल्यासारखंच."

तुझं तू बघ! मला पंधराला घाटापलीकडे आयडाहोत कामावर हजर व्हायचंय. अख्खा तबेला माझ्या हाती. पन्नाशीनंतर असं काम पुन्हा कोण देणार?

३ मे
झोप नाही.

५ मे
आर्डिसच्या गॅरेजात नेली. बाईने इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, चाकाला लाथ मारली. "ही धुडं कुणी घातली?"

वेंडेलने. मार्चमध्ये. रुबाब दिसतो म्हणे!

"इंजिन ठणठणीत आहे गं. चाकं मोठी केलीत आणि ॲक्सलमधले गियर तेच ठेवलेत. एका फेऱ्यात रस्ता जास्त कापते, पण ओढायचा जोर गेला. सपाटीवर कळत नाही, चढावर पितळ उघडं पडतं."

जुनी चाकं वेंडेलने विकली. म्हणजे आता गियरच बदलायचे. मागचे आणि पुढचेही — नाहीतर बर्फात चारही चाकं इंजिनाला जोडली की आतलं सगळं मोडेल.

८ मे
वेंडेल इतकी वर्षं गुरांचे ट्रेलर ओढतोय. शेजारच्या डीनने मोठी चाकं घातली तेव्हा टर कुणी उडवली? यानेच! "आता ट्रेलर बायको ढकलणार का रे?"

आणि आयडाहोचा होकार मार्चमध्येच आला होता.

नको तो विचार. बटाटे सोलत बसले. दुप्पट सोलले.

११ मे
गियर बसले. काय ओढते! घाटात तिसऱ्यात गेली ती तिसऱ्यातच राहिली. मी आनंदाने ओरडले.

जेवताना विचारलंच. "चाकांचं तुला माहीत होतं?"

त्याने काटा खाली ठेवला. "होतं." आणि पुढे, "मला इथून जायचं नाही गं. तोंडाने सांगता येईना."

राग आला, रडू आलं. सांगितलं असतंस तर भांडलो असतो, काहीतरी मार्ग काढला असता! दोन महिने मला त्या घाटात झुरवलंस!

१३ मे
माथ्यावर थांबलेय. घोड्यांना पाणी पाजलं. पिकअप कुठेच अडली नाही. वेंडेलच्या रिकाम्या सीटवर माझं खोगीर ठेवलंय.